४५ अंशांच्या वर साहेब काम करत नाहीत

बेळगावच्या उद्यमबागेत नवा साहेब येणार म्हटलं की आधी केबिन रंगवतात, मग खुर्ची येते, मग साहेब. या खेपेचे साहेब खुर्चीत बसत नाहीत. त्यांना फरशीला बोल्टांनी आवळून ठेवावं लागतं. अंगानं पिवळेधमक, सांधे सहा, हात एकच. बोलत काहीच नाहीत, त्यामुळं पहिल्या आठवड्यातच सगळ्यांना ते फार हुशार वाटले.

साहेबांच्या आधी त्यांच्या अटी आल्या होत्या. छापील, गुळगुळीत कागदावर. खाली पाया भक्कम हवा. अर्थिंग स्वतंत्र हवं. विजेचा दाब वरखाली होता कामा नये, स्टॅबिलायझर बसवा. हवेच्या लाइनीत पाणी चालणार नाही, ड्रायर लावा. भोवतालचं तापमान ४५ अंशांच्या वर जाऊ देऊ नका. एका वेळी उचलायचं वजन ठरलेलं. मनगटाला जी पकड लावाल तिचंही वजन त्यातच धरायचं, वर एक किलो नको. ठरल्या वेळी सांध्यांना ग्रीस, ठरल्या वेळी बॅटऱ्या. आणि चहूबाजूंनी जाळीचं कुंपण. त्याच्या दाराला असा स्विच, की दार उघडलं की साहेब जागच्या जागी थांबणार.

एवढ्या अटी एखाद्या माणसानं सांगितल्या असत्या तर त्याला गेटबाहेरचा रस्ता दाखवला असता. मालक मात्र म्हणाले, ‘बरोबर आहे, महागाची वस्तू आहे,’ आणि कामाला लागले. त्या शेडमध्ये एक्झॉस्ट फॅनची मागणी धाकटे मालक शाळेत होते तेव्हापासूनची. दर दिवाळीला बोनसच्या बोलण्यात ती निघायची आणि ‘पुढच्या वर्षी बघू’ वर मिटायची. साहेबांसाठी फॅन चढले, डक्ट आला, धूळ ओढणारं यंत्र आलं, पत्र्याखाली उष्णता अडवणारा थर आला. फेटलिंगमधले एक मामा मला म्हणाले, ‘ह्यो आला ते बरं झालं गा. आमाला बी वारं लागूलाय.’

फेटलिंग पाहिलेलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. वाळूच्या साच्यातून ओतीव काम बाहेर काढलं की त्याला रनर, रायझर चिकटलेले असतात, कडेनं फ्लॅश आलेला असतो, जळलेली वाळू लोखंडात रुतलेली असते. हे सगळं तोडून, घासून साफ करायचं. हातात ग्राइंडर, समोर ठिणग्यांचा फवारा, नाकातोंडावर टॉवेल. डोळ्यांना दिसते ती धूळ त्यातली गरीब म्हणायची. दिसत नाही ती फुफ्फुसात जाऊन बसते आणि परत निघत नाही. सिलिकोसिस १९४८ च्या कारखाना कायद्याच्या परिशिष्टात नोंदलेला होता. तो झाला तर सरकारला कळवायचं बंधन आजही आहे. बरं करणारं औषध मात्र अजून निघालेलं नाही.

रोबोट बनवणाऱ्यांना हे सगळं ठाऊक आहे. म्हणून एबीबीनं आपल्या रोबोटांची ‘फाउंड्री प्लस’ नावाची वेगळी आवृत्ती काढली, कुकानंही फाउंड्रीसाठी खास बांधणी केली. ‘फाउंड्री प्लस’चा दर्जा आयपी ६७. म्हणजे धूळ आत शिरणार नाही, थोडा वेळ पाण्यात बुडवलात तरी बिघडणार नाही. मामांच्या फुफ्फुसाला कुठला आयपी नंबर पडतो हे तपासायला अजून कुणी आलेलं नाही. वजनाचंही तसंच. साहेबांचं वजन कागदावर लिहून येतं. हेल्परच्या बाबतीत ‘उचलतोस काय न्हाई?’ एवढाच कागद.

मालक लोक इथं हिशेबाचं कारण सांगतील, आणि हिशेबात ते पक्के आहेत. आयकराच्या नियमानं यंत्रसामग्रीवर सर्वसाधारणपणे १५ टक्के घसारा मिळतो. साहेब दरसाल थोडे म्हातारे होतात आणि त्यांच्या म्हातारपणाची वजावट ताळेबंदात दिसते. मामांची कंबर गेली त्या वर्षी ताळेबंद नेहमीसारखाच जुळला.

आता कुणी मला यंत्रविरोधी ठरवायच्या आधी सांगून टाकतो. फेटलिंगचं काम माणसाच्या हातून कायमचं गेलं तर मी खानापूर रोडला उभा राहून पेढे वाटीन. ते रोबोटनंच करावं. किंबहुना त्याचा जन्मच आपल्या धंद्यात झालाय. १९६१ साली अमेरिकेत न्यू जर्सीत जनरल मोटर्सच्या कारखान्यात युनिमेट नावाचा पहिला औद्योगिक रोबोट कामाला लागला, तो डायकास्टिंगमधून निघालेले तापलेले भाग उचलायला. माणसाचे हात भाजतात म्हणून त्याला आणला होता. तिथून उद्यमबागेपर्यंत यायला त्याला साठ वर्षं लागली, कारण वाटेत त्याला सगळीकडं त्याच्यापेक्षा स्वस्त माणूस आडवा येत होता. २०२३ साली चीननं पावणेतीन लाखांहून जास्त रोबोट बसवले. भारतानं ८,५१०, आणि तोही आपला तोवरचा उच्चांक होता. हे आकडे इंटरनॅशनल फेडरेशन ऑफ रोबोटिक्सचे आहेत.

मग आत्ताच का आला? चहाच्या गाड्यावर कुठल्याही कारखानदाराला विचारा, उत्तर एकच: ‘माणूस मिळत नाही हो.’ मच्छे, पिरनवाडी, देसूर, झाडशहापूरची पोरं गाडीला किक मारून याच रस्त्यानं शहरात जातात आणि कुठल्या तरी मॉलमध्ये एसीत उभी राहतात. बिहार-ओडिशाहून आलेली पोरंही दुसरीकडं शे-दोनशे जास्त दिसले की निघून जातात. तेव्हा ‘माणूस मिळत नाही’ हे खरंच आहे. त्या पगारात, त्या धुळीत मिळत नाही. वाक्याचा हा अर्धा भाग चहाबरोबर गिळायची पद्धत आहे.

साहेब आल्यावर काय झालं ते जास्त गमतीचं. उद्यमबागेचा धंदा बराचसा जॉबवर्कचा. आज व्हॉल्व्ह बॉडी शंभर, उद्या पंपाचं केसिंग पन्नास, परवा कुणाचा तरी ब्रॅकेट ‘अर्जंट’. साहेबांना आवडतो एकच नग, हजारो वेळा, दर खेपेला केसाइतकाही फरक न पडता. इथं साच्यातला कोअर जरा हलला की कास्टिंग एका अंगानं जाड. साहेब आपले ठरल्या रेषेत हात फिरवतात, तेव्हा कधी हवाच घासून येतात, कधी व्हील नेऊन लोखंडात घुसवतात. मग लाल दिवा. मग भोंगा. मग पुण्याच्या इंजिनिअरला फोन. गंमत म्हणजे १९७९ पासून इंजिनिअरिंग कॉलेज याच उद्यमबागेत आहे. इथली पोरं शिकून पुण्याला जातात आणि तिथून व्हिजिट चार्ज लावून परत येतात.

तर लाल दिवा लागू नये म्हणून साहेबांच्या शेजारी एक माणूस कायमचा उभा केलाय. नग फिक्स्चरमध्ये नीट बसवायचा, अडकलेला तुकडा काढायचा, रीसेट दाबायचं. कालपर्यंत हा माणूस ग्राइंडिंगचा ऑपरेटर होता. आज तो रोबोटचा हेल्पर, आणि कंपनीच्या मस्टरवरून कॉन्ट्रॅक्टरच्या वहीत गेलाय. कारण आता त्याच्याकडं ‘स्किल’ राहिलं नाही म्हणे.

स्किलची गोष्ट निघालीच आहे तर मामांचं बघा. धुतलेलं, सुकलेलं कास्टिंग मामा दोरीवर टांगतात आणि लहान हातोडीनं एक टोला देतात. ‘टण्ण’ असा आवाज लांबत गेला तर माल जाऊ दे. ‘बद्द’ वाजलं की आत कुठं तरी तडा आहे. मग तिथंच खडूनं फुली. रिजेक्ट होऊन परत येणाऱ्या मालाचा खर्च, वाहतूक, गिऱ्हाइकाच्या शिव्या, हे सगळं त्या एका टोल्यावर वाचतं. रोबोटच्या कोटेशनमध्ये ‘व्हिजन सिस्टीम’ म्हणून कॅमेऱ्याचे वेगळे पैसे असतात. मामांच्या पगारपत्रकात कानाला कॉलम नाही.

खंडेनवमीला साहेबांची पूजा झाली. झेंडूचा हार, हळद-कुंकू, पुढं नारळ. सेन्सरवर कुंकू लावू नका एवढं पुण्याहून फोनवर सांगितलं होतं, ते पाळलं. जाळीच्या दाराला लिंबू-मिरची बांधली. आणि त्याच दाराचा सेफ्टी स्विच त्याआधीच तारेचा तुकडा घालून बायपास झाला होता. दार उघडलं की साहेब थांबतात, थांबले की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, आणि शिफ्टचं टार्गेट तर फळ्यावर खडूनं लिहिलेलं! तेव्हा तार. दृष्ट लागू नये म्हणून लिंबू आणि वेळ जाऊ नये म्हणून तार.

ही तार कुठवर जाते ते सांगतो. २५ जानेवारी १९७९ रोजी अमेरिकेत मिशिगनमधल्या फ्लॅट रॉक इथं, फोर्डच्या कास्टिंग कारखान्यात, रोबोटनं माणूस मारल्याची पहिली नोंद झाली. सुटे भाग काढून देणारं यंत्र नीट चालेना, म्हणून पंचविशीतला एक कामगार ते हातानं काढायला रॅकवर चढला. यंत्राला तो दिसला नाही. तो पडल्यावरही अर्धा तास यंत्र आपलं काम करत होतं. १९८३ साली ज्यूरीनं त्याच्या कुटुंबाला एक कोटी डॉलर द्यायला लावले. आपल्याकडं २०१५ च्या ऑगस्टमध्ये मानेसरच्या एका कारखान्यात पत्र्याचा तुकडा नीट करायला रोबोटजवळ गेलेला कामगार असाच गेला. दोघे जण टार्गेटच्याच घाईत होते की नाही, देव जाणे. पण रोबोटचं अडलेलं काम हातानं सरळ करायला दोघेही गेले होते, आणि आपला हेल्पर दिवसभर दुसरं काय करतो?

बेळगावला यंत्राचं नवल कधीच नव्हतं. लक्ष्मणराव किर्लोस्करांचं सायकलचं दुकान इथलंच. आज त्या रस्त्याला त्यांचं नाव आहे. त्यांनी आधी कडबा कापायचं यंत्र केलं, मग लोखंडी नांगर. शेतकरी म्हणाले, लोखंडानं जमिनीला विष बाधेल. नांगर खपायला दोन वर्षं गेली. ही गोष्ट आपण शेतकऱ्याला हसण्यासाठी सांगतो. पण त्या शेतकऱ्यानं निदान सरळ विचारलं की ह्यानं माझ्या जमिनीचं काय होणार, आणि पटेपर्यंत पैसे काढले नाहीत. उद्यमबागेत हे विचारायची सोय कुणाला आहे? कामगाराला रोबोट पहिल्यांदा कळतो तो क्रेनवरून उतरताना.  

यंत्र आणलं की काय होतं ते उद्यमबागेत दिसतं. यंत्र अडवलं की काय होतं ते बघायला बिड्यांच्या निपाणीला जा.

बिडी वळायचं यंत्र काही अवघड नाही. सिगारेट यंत्रानं होते, तर बिडी न व्हायला काय झालं? पण देशभर लाखो बायकांचं पोट बिडीवर, म्हणून सरकारनं वर्षानुवर्षं यंत्राच्या बिडीवर जादा कर ठेवला. २०१२ च्या अर्थसंकल्पात हातानं वळलेल्या हजार बिड्यांवरचं उत्पादन शुल्क ८ रुपयांवरून १० केलं आणि यंत्राच्या बिडीवरचं १९ वरून २१. शिवाय हातबिडीला वर्षाला २० लाख बिड्यांपर्यंत माफी. म्हणजे बाईच्या बोटांना यंत्रापेक्षा निम्म्याहून कमी कर. ऐकायला किती छान!

आता ती बोटं बघा. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं. पान मापानं कापायचं, चिमूट तंबाखू, वळायचं, तोंड दुमडायचं, दोऱ्याचे दोन वेढे. दिवसाकाठी हजार बिड्या म्हणजे हात चांगला. संध्याकाळी माल घेऊन गेलं की छाट निघते. मालातल्या इतक्या बिड्या नापास, त्यांचे पैसे नाहीत. पानं कमी दिली, तंबाखू कमी दिली, तर भर घरातून. वखारीतल्या बायकांची तऱ्हा आणखी वेगळी, दिवसभर तंबाखू चाळायची आणि रात्री खोकायचं. या बायकांनीच १९८० च्या सुमाराला निपाणीत संघटना उभी केली, संप केले. युगांतर या स्त्रियांच्या गटानं १९८२ मध्ये त्यावर माहितीपट काढला. शेतकऱ्यांच्या आंदोलनाची निपाणी सगळ्यांना आठवते, ६ एप्रिल १९८१ चा गोळीबार आणि त्यात गेलेले १२ जण. वखारीतल्या बायकांची आठवण सहसा कुणी काढत नाही.

तर यंत्रापासून बाईचं काम वाचवलं. तिच्या पाठीचं, डोळ्यांचं, मजुरीचं काय वाचवलं? कर लावून यंत्र दाराबाहेर ठेवता आलं. छाट काढणारा आत बसलेलाच होता. आणि उद्या तिथंही यंत्र आलं तर त्याच्यासाठी आधी खोली कोरडी करतील, पंखा लावतील, उजेड वाढवतील. बाईनं चिमणीच्या उजेडात वळलं, ते आपल्याला घरोघरीचा कुटिरोद्योग म्हणून कौतुकाचं वाटलं.

कायद्याचं म्हणाल तर तो झोपलेला नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या चौथ्या परिशिष्टात स्पष्ट होतं: यंत्रसामग्रीत किंवा कामाच्या पद्धतीत अशी सुधारणा करणार असाल की माणसं कमी होतील, तर २१ दिवस आधी नोटीस द्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली, तिच्यातही नोटीस आहे. शिवाय नवा पुनर्कौशल्य निधी आहे. कामगार कमी केला तर मालकानं त्याच्या १५ दिवसांच्या पगाराएवढी रक्कम त्यात भरायची, ती ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात. पंधरा दिवसांच्या पगारात बावन्न वर्षांच्या मामांनी रोबोटचं प्रोग्रामिंग शिकायचं आहे. रोबोट चालवायचा हातातला पेंडंट कसा धरायचा, हे शिकवणाऱ्या क्लासची फी तेवढ्यात भागली तर नशीब. वर, याच संहितेनं माणसं कमी करायला सरकारची परवानगी लागण्याची मर्यादा १०० कामगारांवरून ३०० वर नेली. उद्यमबागेत ३०० माणसं मस्टरवर असलेले कारखाने किती, ते हाताची बोटं मोडून मोजा. आणि कॉन्ट्रॅक्टरच्या वहीतल्या पोराला यातलं काहीच लागत नाही. त्याला कुणी कमी करत नाही. त्याला फक्त ‘उद्यापासून नको’ म्हणतात.

राहता राहिला भूमिपुत्र. २०२४ च्या जुलैत कर्नाटक मंत्रिमंडळानं एक विधेयक मंजूर केलं: कारखान्यांत व्यवस्थापनाच्या ५० टक्के आणि बाकीच्या ७० टक्के जागा स्थानिकांना. स्थानिक म्हणजे ज्याचा जन्म राज्यातला, वास्तव्य १५ वर्षांचं, आणि ज्याला कन्नड बोलता, वाचता, लिहिता येतं तो. उद्योगपती खवळले, दोनच दिवसांत विधेयक बाजूला ठेवलं गेलं. सीमाभागातल्या मराठी माणसाच्या पोटात तेवढ्यात गोळा येऊन गेला, की जन्म इथला, पिढ्या इथल्या, आणि कन्नडच्या परीक्षेत पोरगं नापास झालं तर? पण खरी गोम टक्क्यांत होती. शंभर माणसं असतील तर सत्तर स्थानिक लागतात. चाळीस जागी रोबोट आणले तर माणसं उरतात साठ, आणि बेचाळीस स्थानिकांत कायदा तंतोतंत पाळला जातो. अठ्ठावीस भूमिपुत्र कुठं गेले, हे विचारणारं कलम त्यात नव्हतं.

साहेबांना परीक्षेची धास्ती नाही. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्रातल्या नेत्यांना सीमेवरच्या कोगनोळीच्या नाक्यावर अडवलं होतं. पुण्याहून लाकडी खोक्यात आलेल्या साहेबांना तिथं कुणी हटकलं नाही. त्यांच्या पेंडंटवर भाषा निवडायची यादी आहे. मी मुद्दाम मागून घेऊन शेवटपर्यंत बघितली. जपानी आहे, जर्मन आहे, चिनी आहे. कन्नड नाही आणि मराठीही नाही. सीमावाद २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडून आहे, पण दोन्ही बाजूंना इतकं सारखं लेखणारा निकाल अजून कुणी दिला नव्हता.